पाण्याच्या कडेकडेनं कोल्हापूर : तीन दिवस, दोन सायकली

रत्नागिरीहून गाडीच्या मागं दोन सायकली बांधून आंबा घाट चढला की तीन-साडेतीन तासांत कोल्हापूर येतं. वाटेबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की साखरप्याला चहाला थांबाल तेव्हा कॅरिअरचे पट्टे पुन्हा आवळा. सपाटीला घट्ट बसलेले पट्टे घाटातल्या वळणांनी सैल पडतात, सायकली एकमेकींना घासतात आणि मागच्या गिअरचा हात वाकतो. निघतानाच पेडल काढून ठेवली तर ही कटकट बरीचशी टळते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की सुटतं. हे विसरून जोर लावला की पाना निसटून बोटं सोलतात.

आम्ही दोघांनी जानेवारीचा मधला आठवडा निवडला. या दिवसांत सकाळी पंचगंगा नदीवर धुकं असतं, दुपारचं ऊन सोसवतं, गुऱ्हाळं चालू असतात आणि राजाराम बंधाऱ्यावरून पलीकडं जाता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये हाच बंधारा पाण्याखाली असतो. कोकणातल्या माणसाला घाटावरचं गाव म्हणजे कोरडं वाटतं. कोल्हापूर तसं नाही. जुनं कोल्हापूर तळ्यांचं गाव होतं. त्यातली बरीच तळी बुजली, पण नावं उरली. कपिलतीर्थावर आज भाजी मंडई भरते, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. नकाशा बाजूला ठेवून नुसतं नावांच्या मागं गेलं तरी गावाची ओळख होते.

दिवस पहिला : सायकली खोलीवर, आम्ही पायी

मुक्काम दसरा चौकाजवळ घेतला. इथून टाऊन हॉल, बिंदू चौक, अंबाबाईचं देऊळ आणि खासबाग सगळं पायी होतं. महाद्वार रोड, ताराबाई रोड आणि गुजरीत दुपारनंतर सायकल चालवण्यात अर्थ नाही, ढकलतच न्यावी लागते. देवळाजवळ ती कुठं लावायची हा प्रश्न वेगळाच.

दसरा चौकात पाच मिनिटं उभं राहून चौफेर बघावं. शाहू महाराजांनी वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी जी वसतिगृहं उभी करून दिली, त्यातली कित्येक याच परिसरात आहेत. कोल्हापुरात त्यांना आजही बोर्डिंगच म्हणतात. मराठा बोर्डिंग १९०१ सालचं. नोकऱ्यांतल्या ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवणारा जाहीरनामा २६ जुलै १९०२चा. म्हणजे आधी राहायची सोय आणि मग नोकरीचं दार, असा तो क्रम आहे.

तिथून सीपीआर हॉस्पिटलच्या समोर टाऊन हॉल. १८७२ ते १८७६ या काळातली काळ्या दगडाची इमारत, उतरतं छप्पर, टोकदार कमानी. आत पुराणवस्तू संग्रहालय आहे. ते सोमवारी बंद असतं, तेव्हा बेत त्याप्रमाणे आखावा. पाट्या वाचत फिरायचं तर तास लागतो. घाई असेल तर निदान ब्रह्मपुरीच्या वस्तूंचं दालन सोडू नका. पंचगंगेच्या काठावरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४०च्या दशकात उत्खनन झालं, त्यातून सातवाहन काळातलं गाव वर आलं. तिथल्या कांस्य वस्तूंमध्ये पोसायडनची मूर्ती आहे. ग्रीक-रोमन लोकांचा समुद्रदेव! उंची वीतभरसुद्धा नाही. शेजारच्या वस्तूंमध्ये माणसं बसलेला कांस्याचा हत्तीही आहे. समुद्र इथून शंभर किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत रोमन व्यापारी माल उतरत असे आणि घाट चढून वर येत असे, त्या वाटेनं हा देव इथवर पोचला असणार. आम्ही ज्या दिशेनं आलो तीच त्याचीही दिशा, फरक दोनेक हजार वर्षांचा. अशी वस्तू दुसऱ्या गावाकडं असती तर चौकात तिची मोठी प्रतिकृती उभी राहिली असती. इथं ती काचेआड गुपचूप उभी आहे.

टाऊन हॉलहून पापाची तिकटी आणि पुढं गुजरी. तिकटी म्हणजे तीन रस्ते मिळतात ती जागा. कोल्हापुरात पत्ता विचारला की उत्तरात एखादी तिकटी, एखादी वेस आणि एखादी तालीम येतेच. गुजरी ही सराफांची गल्ली. कोल्हापुरी साज बघायचा तर इथंच. दशावताराची दहा पानं, अष्टमंगलाची आठ, शिवाय माणिक, पाचू आणि डोरलं, अशी एकवीसची मोजणी दुकानदार बोटावर करून दाखवतात. बऱ्याचशा तयार साजांत पानं कमी असतात, तेव्हा घेणाऱ्यानं आधी मोजावं.

अंबाबाईच्या देवळात संध्याकाळी पाचच्या आसपास गेलो. गर्दी टाळायची तर पहाटे जावं हे खरंच, पण संध्याकाळ निवडण्याला कारण होतं. देवी पश्चिमेकडं तोंड करून आहे. वर्षातून दोनदा, ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांच्या सुमारास, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा, चांदीचा उंबरा असे टप्पे घेत ती गाभाऱ्यात पोचतात. पहिल्या दिवशी चरण, दुसऱ्या दिवशी मूर्तीचा मधला भाग, तिसऱ्या दिवशी मुख, असा हिशेब. हा झाला किरणोत्सव. तो दरवर्षी पुरा होतोच असं नाही. कधी क्षितिजावर ढग, कधी हवेत धूळ आणि बाष्प, कधी वाटेत वाढलेलं एखादं बांधकाम. सूर्य डोक्यावर असतो तेव्हा थोड्या धुळीनं काही बिघडत नाही. मावळतीला मात्र किरण हवेच्या जाड थरातून आडवा येतो, त्यामुळं अगदी शेवटच्या दोन-तीन मिनिटांतच त्याचा जोर सरतो. किरणोत्सवाला जायचं तर पहिल्या दिवसावरच भिस्त ठेवू नका, तिन्ही दिवस हाताशी असू द्या.

आम्ही गेलो ते दिवस किरणोत्सवाचे नव्हते, पण महाद्वाराशी उभं राहून मागं वळून पाहिलं की सगळी रचना कळते. समोरचा ताराबाई रोड थेट मावळतीच्या बाजूला रंकाळा तळ्याकडं जातो. फुलवाल्या मावशींना विचारलं, ऊन कुठवर येतं? त्यांनी ओटीच्या परड्या बाजूला सारून फरशीवरची जागा दाखवली. "हितनं आत जातंय बघा. त्या दिवसात या, पाय ठिवायला जागा गावायची न्हाई."

देवळातून भवानी मंडप आणि तिथून पाच-सात मिनिटांवर खासबाग मैदान. शाहू महाराजांनी १९०२च्या युरोप दौऱ्यात रोममधलं प्राचीन प्रेक्षागार पाहिलं आणि तसंच कुस्तीचं मैदान कोल्हापुरात बांधायचं मनात घेतलं. ते १९१२मध्ये पुरं झालं. मध्ये लाल मातीचा हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक, त्यामुळं शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसते. पुढं बसलेला मागच्याच्या आड येत नाही, बांधणीतलं कसब ते हेच. हौद्यातली माती नुसती माती नसते. तीत तेल, ताक, हळद, लिंबू, कापूर घालून ती मळतात. माती कोरडी पडली की अंग सोलतं, फार ओली झाली की पाय सरकतो. पोसायडन धरला तर एका दिवसात रोम दोनदा भेटलं.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह. १९१५चं हे पॅलेस थिएटर ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आगीत जळालं. आम्ही गेलो तेव्हा पत्र्यांच्या आड काम चालू होतं. बघायला काही नव्हतं, तरी बाहेर थोडा वेळ थांबलो.

जवळच्या खाऊगल्लीत भेळ खाल्ली. ही भेळ कोरडी आणि झणझणीत असते, चटणी सांगून कमी करून घेता येते. रात्री मटण थाळी. तांबडा रस्सा सगळ्यांना ठाऊक असतो, पण खानावळीची परीक्षा पांढऱ्यावर होते. मटणाचं अळणी पाणी, नारळाचं दूध, काजू-तिळाचं वाटण आणि अख्खा मसाला. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळखळून उकळला की फुटतो, वर पाणी आणि खाली कणी दिसते. वाटीत तसं दिसलं तर समजावं, सकाळचा रस्सा पुन्हा तापवलाय. चांगला पांढरा एकजीव असतो, नाकाला मिरी-दालचिनीचा वास येतो आणि तिखटपणा घशाशी जाऊन मग कळतो. आधी पांढरा प्यावा, मग भाकरी तांबड्यात कुस्करावी. उलटं केलं तर पांढऱ्याची चवच लागत नाही.

दिवस दुसरा : नदीचा फेरा, साधारण पंचवीस किलोमीटर

सकाळी साडेसहाला निघालो. अंगात जाडसर जॅकेट आणि पुढं-मागं दिवे हवेतच, कारण धुक्यात पन्नास फुटांपलीकडचं दिसत नव्हतं. पहिला थांबा गंगावेशचा दूध कट्टा. म्हशी समोर उभ्या, गवळी कास धुऊन थेट पेल्यात धार काढतो. काठाच्या वर चार बोटं फेस. "फेसासकट घ्या की पावणं, फेसातच मजा हाय," असं म्हणत त्यांनी पेला पुन्हा भरला. हे दूध न तापवलेलं असतं, ज्याचं पोट नाजूक आहे त्यानं मोह आवरावा. आम्ही अर्धा-अर्धा पेला घेतला. सायकलवर बसायचं असताना पूर्ण पेला जडच पडतो.

तिथून उतारानं पंचगंगा घाट. ब्रेक आधी तपासा, पहाटे दवानं रिम ओली असते आणि पहिली दाब फुकट जाते. डिस्क ब्रेक असतील तर हा त्रास कमी. घाटावर दीपमाळा, छोटी देवळं, पाण्यातून निघणारी वाफ. जवळच्या गल्ल्यांतल्या भिंतींकडं लक्ष ठेवा. महापुराचं पाणी कुठवर आलं होतं त्याच्या खुणा काही घरांवर केलेल्या आहेत. २०१९ आणि २०२१, दोन्ही साली राजाराम बंधाऱ्यावरची पातळी पंचावन्न फुटांच्या वर गेली होती. आपण रस्त्यावर उभं राहून त्या खुणेकडं मान वर करून बघतो, तेव्हा तो आकडा अंगावर येतो.

शिवाजी पुलावरून नदी ओलांडली. जुन्या पुलाच्या दगडी कमानी शेजारच्या नव्या पुलावरून छान दिसतात, पण नव्या पुलावर वाहनं जोरात असतात. फोटोसाठी थांबायचं तर पूल संपल्यावर. पुढं आंबेवाडी आणि प्रयाग चिखली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा होते ती या प्रयागला. संगमावर सकाळी आठला आमच्याखेरीज कपडे धुणाऱ्या दोन बायका आणि एक खंड्या होता. पाणी संथ. पूर आला की शहराच्या आधी ही गावं पाण्यात जातात, हे त्या वेळी खरं वाटत नाही.

या रस्त्यांवरचा खरा धोका ऊस. हंगामात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर साखर कारखान्याकडं जात असतात. वळणावर ट्रॅक्टर बाहेरून जातो, पण मागची ट्रॉली आतल्या बाजूला कापत येते. म्हणून वळणावर आतल्या कडेला कधीही शिरू नका, थांबून दोन्ही ट्रॉल्या जाऊ द्या. बाजूनं बाहेर आलेली उसाची टोकं खांद्याच्या उंचीला येतात, ओलांडताना दोन हात तरी अंतर ठेवावं. रस्त्यावर पडून चिरडलेला ऊस दवात साबणासारखा होतो, त्यावर हँडल वळवू नये की पुढचा ब्रेक दाबू नये. ट्रॅक्टरवरच्या गाण्यांमुळं चालकाला घंटी ऐकू येत नाही, हे गृहीत धरूनच चालवायचं. बाभळीच्या काट्यानं एक पंक्चर झालंच. काटा टायरमधून काढल्याशिवाय नवी ट्यूब घालू नका. आतून बोट फिरवून टोक शोधा, ते हमखास मागं राहतं.

वडणग्याच्या वाटेवर धूर दिसला म्हणून गुऱ्हाळात शिरलो. कोल्हापुरी गुळाचं काम बघायचं तर सकाळी जावं, तेव्हा पहिलं आधण पुरं होत आलेलं असतं. चरकातला रस काहिलीत येतो, खाली चुलाणात रस काढून वाळवलेली चिपाडंच जाळतात. रस तापू लागला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात. त्यात मळी अडकून वर येते आणि ती झाऱ्यानं काढून टाकतात. थोडी चुन्याची निवळीही पडते. मग अडीच-तीन तास नुसती उकळी. एक टन उसाला शंभर-सव्वाशे किलो गूळ, बाकी सगळं वाफ आणि चिपाड. उतरायची वेळ गुळव्या ठरवतो. काहिलीतला पाक जरासा पाण्यात टाकून त्यानं बोटांत गोळी वळली आणि आपटून पाहिली. टणक वाजली. तापमापक लावला तर हा टप्पा ११८ अंशांच्या आसपास येतो, पण तिथं तापमापक नव्हता. "घाई केली की गूळ बसत न्हाई, उशीर केला की करपतोय," एवढंच ते म्हणाले आणि काहील वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओतायला चौघांना हाक मारली. त्या वेळी बघ्यानं दहा पावलं मागं सरावं, उडालेला पाक कातडीला चिकटतो आणि निघत नाही.

विकत घेताना पिवळाधमक गूळ टाळा. तो रंग बहुधा रंग उडवणाऱ्या पावडरीचा असतो आणि घरी गेल्यावर महिन्याभरात काळवंडतो. तांबूस-तपकिरी, फोडल्यावर कणीदार आणि जिभेला खारट न लागणारा तो चांगला. आम्ही एक किलोच्या चार ढेपा घेतल्या आणि सॅडल बॅगेत ठेवल्या. दुपारच्या उन्हात कॅरिअरवर उघडा बांधलात तर चिकटून बसेल.

तिथून राजाराम बंधारा. बंधाऱ्याच्या खांबांत लोखंडी बरगे घालून पाणी अडवलेलं असतं आणि पावसाळ्याआधी ते काढतात. वरचा रस्ता अरुंद, समोरून मोटरसायकल आली तर सायकल उतरून कडेला धरावी. कोल्हापूरला पूर किती हे इथल्या पट्टीवर ठरतं, ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. आमच्याकडं पाण्याचा हिशेब भरती-ओहोटीनं होतो आणि तो दिवसातून दोनदा बदलतो. इथं पावसाळ्यात घराघरांत सकाळचा पहिला प्रश्न असतो, "बंधारा किती फूट?" गळ टाकून बसलेल्या काकांनी सांगितलं, आकडा ४३ला आला की नदीकाठचे लोक सामान माळ्यावर चढवतात. मग ट्रंका, मग म्हशी आणि शेवटी माणसं. "म्हशी आधी. माणूस कुठंबी झोपतोय."

पलीकडं कसबा बावडा. शाहू महाराजांचा जन्म १८७४मध्ये झाला तो लक्ष्मी विलास पॅलेस इथं आहे. दुपारी न्यू पॅलेस. १८७७ ते १८८४मधलं बांधकाम, आराखडा चार्ल्स मँटचा, वर घड्याळाचा मनोरा. खालच्या मजल्यावरच्या संग्रहालयात दरबार हॉलच्या रंगीत काचा बघण्यासारख्या आहेत, शिवचरित्रातले प्रसंग ऊन पडलं की उजळतात. त्यासाठी दुपारच जमते. आत फोटो काढू देत नाहीत. पेंढा भरलेली जनावरं इतकी आहेत की मन थोडं उबतं.

दिवस तिसरा : रंकाळा, मिसळ, चप्पल

रंकाळ्याची एक फेरी चार-साडेचार किलोमीटरची. पहाटे चालणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून पदपथावर सायकल घालू नये. बाहेरच्या रस्त्यानं फेरी करावी आणि टॉवरपासून संध्यामठाच्या बाजूपर्यंत उतरून चालावं. संध्यामठ पाण्यात उभा आहे. पातळी उतरली की त्याचे खांब जास्त उघडे पडतात, त्यावरून तळ्यातलं पाणी मोजायची सवय इथल्या लोकांना आहे. शालिनी पॅलेस मागं धुक्यात. सूर्य वर आला की दहा मिनिटांत धुकं उडालं आणि तेच तळं एकदम साधं दिसायला लागलं. तेव्हा उशीर करू नये.

परतताना शिवाजी पेठेतून गांधी मैदानाशी थांबलो. हेच ते बुजलेलं वरुणतीर्थ. मैदान आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा खोलगट आहे हे सायकलवर लगेच जाणवतं, पाय न मारता चाक आपसूक तिकडं ओढलं जातं. पावसाळ्यात इथं पाणी साठतं आणि दरवर्षी निचऱ्याची चर्चा होते. पाणी जुना पत्ता विसरत नाही.

मिसळ सायकल चालवून झाल्यावरच खावी, आधी नव्हे. कोल्हापुरी मिसळीबरोबर पाव नसतो, ब्रेडचे काप असतात. खाली मोड आलेल्या मटकीची उसळ, वर शेव-चिवडा आणि कांदा, शेजारी कटाचं भांडं. पहिल्यांदाच सगळा कट ओतू नका, फरसाण लगेच मऊ पडतं. थोडा-थोडा घालत खावं. तिखट लागलं तर पाणी उपयोगाचं नाही, तेलातलं तिखट पाण्यानं धुतलं जात नाही. दही मागवा.

शेवटी चप्पल लाईन. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. अस्सल चपलेचं कातडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं, शिवण कातडी वादीची आणि खिळा एकही नाही. चप्पल उलटी करून तळ बघा, कडेला थर वेगळे दिसले पाहिजेत. दाबलेला पुठ्ठा असेल तर नखानं भुगा निघतो. माप किंचित घट्टच घ्या, कातडं पायाप्रमाणं सैलावतं. अंगठा आणि पट्टा पहिले आठ दिवस चावतात. आतून एरंडेल चोळायचं आणि रोज तासभरच घालायची. भिजू द्यायची नाही, भिजलीच तर सावलीत वाळवायची. सायकलवर मात्र ही चप्पल नको, गुळगुळीत तळ पेडलवरून सटकतो. "पावसात घालू नगासा, आणि तुमच्या कोकणात तर जूनपासून बासनात बांधून ठिवा," असं दुकानदार दादांनी बजावलं.

गुळाबद्दलही एक सांगायचं राहिलं. घाटावरच्या कोरड्या हवेत ढेप नुसती कागदात राहते. किनाऱ्याच्या दमट हवेत तिला आठ दिवसांत पाणी सुटतं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत तर त्याहून लवकर. घरी पोचल्या-पोचल्या ढेपा फोडून, कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवाव्यात. आमच्या चारपैकी तीन डब्यात गेल्या. चौथी गाडीतून उतरवेपर्यंतच अर्धी संपली होती.